एका गाडीचे चार फ्युएल पंप

पहिला पंप गेला तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं नाही. गाडी १६ वर्षांची आणि पंप कंपनीतून आलेला तोच. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारी, इतकी वर्षं पेट्रोलात बुडून फिरणारी मोटर कधीतरी थकणारच. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद 'झूंऽ' असा आवाज यायचा, तो एका सकाळी आलाच नाही. सेल्फ मारला तर इंजिन नुसतंच फिरत राहिलं. मेकॅनिकनं टाकीला खालून रबरी हातोडीच्या दोन टपल्या दिल्या आणि गाडी लागली की हो! "कार्बन घासलेत साहेब. आज घरी पोचाल, उद्याचं सांगत नाही," तो म्हणाला. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे. नवा पंप बसवला, विषय संपला.

पाच महिन्यांनी नवा पंपही गेला.

"लॉट खराब असेल," मेकॅनिक म्हणाला. मलाही पटलं, कारण दुसरं काही पटवून घ्यायची माझी तयारी नव्हती. यावेळी दुसऱ्या कंपनीचा, जरा महागातला पंप टाकला. तो सात आठवडे चालला. उतारावर गाडीनं दोन आचके दिले, पिकअप गेला आणि मी घरंगळत कडेला लागलो. टाकीला टपल्या मारून पाहिल्या. हा पंप ढिम्म हलला नाही.

मग ओळखीतल्या प्रत्येकाला फ्युएल पंपावर मत असल्याचं लक्षात आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, "तू गाडी रिझर्व्हवर चालवतोस." खरं होतं ते. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतीच्या आणि आतून जाणाऱ्या पेट्रोलमुळे. त्याला वंगणही पेट्रोलचंच. तळाशी घोटभर पेट्रोल ठेवून वळणावळणांत गाडी हाणली की पंप मधूनच हवा ओढतो आणि तापतो. मी मुकाट्यानं सवय बदलली आणि टाकी फुल्ल ठेवायला लागलो. फुल्ल केल्यावर पुढचा दिवसभर गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा वास यायचा. भरताना सांडलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. या वाक्याचा पश्चात्ताप पुढे येतोय.

तिसऱ्या पंपानंतर मी व्होल्ट आणि ओहम मोजणारा मल्टिमीटर हातात घेतला. मेकॅनिकनं प्रत्येक वेळी टेस्ट लॅम्प लावून "करंट येतोय" असं सांगितलं होतं आणि दिवा खरंच पेटत होता. पण त्या दिव्याला करंट लागतो चिमूटभर आणि पंपाला लागतो पाच-सहा अँपिअर. गंजलेल्या जोडातून चिमूटभर करंट सहज जातो. अडथळा दिसतो तो पूर्ण भार पडल्यावर. म्हणून तात्पुरता एक जुना, धडधडत चालणारा पंप उसना आणून बसवला, इंजिन चालू ठेवलं, पंपाच्या वायरी जोडणाऱ्या कपलरच्या मागच्या बाजूनं टाचण्या घातल्या आणि पंप चालत असताना मोजलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपावर ११.६. अडीच व्होल्ट वाटेतच गायब!

आता ते कुठे गेले? बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत ०.६ व्होल्ट. रिले, फ्यूज आणि लांब वायर धरली तर जुन्या गाडीत हे चालून जातं. पण पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.९! म्हणजे करंटची परतीची वाट, अर्थिंग. पाच अँपिअरला १.९ व्होल्ट पडतात याचा हिशेब जेमतेम ०.४ ओहमचा, आणि माझ्या मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ दाखवतो. ओहम मोजत बसलो असतो तर हा दोष जन्मात सापडला नसता.

डिकीतलं कार्पेट उचललं. कोपऱ्यात अर्थचा बोल्ट होता, त्यावर पांढरट हिरवी बुरशी आल्यासारखा थर. पान्याला तो एवढ्या सहज फिरला की घट्ट कधी होता, हाच प्रश्न पडला. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवीन लग दाबून बसवला, वर ग्रीस फासलं. आता एकूण घट ०.७ व्होल्ट. चौथा पंप आणला, त्याच्या तोंडाशी कचरा अडवणारी नवी जाळी आणि नवा फिल्टरही टाकला. पंप गरजायला लागला. मी दोन दिवस घरात अशा थाटात वावरलो की बायकोनं विचारलं, "बक्षीस कधी मिळणार आहे?"

पाच आठवड्यांनी, सलग तीन दिवसांच्या पावसानंतर, मागच्या सीटखालून कुंईकुंई सुरू झाली.

राग आला, पण मनात कुठेतरी बरंही वाटलं. आतापर्यंत पंप मेल्यावरच आम्ही पोचायचो. हा अजून जिवंत होता, म्हणजे त्याला विचारता येणार होतं. इंजिनाच्या फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज लावला. या गाडीला ३ बार लागतात आणि थंड इंजिनावर काटा बरोबर तीनवर. वीस मिनिटं चालवून पाहिलं तर काटा थरथरत २.१ वर आला. बंद करून दहा मिनिटं थांबलो, पुन्हा चालू केली. पुन्हा तीन!

हे 'थांबलं की सुधारतं' फार बोलकं असतं. आतून अडकायला लागलेला पंपही गरम झाल्यावर बंद पडतो आणि थंड झाल्यावर चालतो, म्हणून सगळे तिकडेच बोट दाखवतात. पण जाळी तुंबली असेल तरी हेच होतं. पंप ओढत असतो तोवर कचरा जाळीला चिकटून बसतो, पंप थांबला की तो सुटून खाली पडतो. दोन्हींत फरक करायला वायरीला बाहेरून धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर कामी आला. व्होल्टेज १३.४, तिथे खोट नव्हती. आणि करंट वाढायच्या ऐवजी कमी झाला होता, सुरुवातीला ५.२ अँपिअर आणि कुंईकुंई सुरू असताना ४ च्या आसपास. आतून अडकत असलेली मोटर जास्त करंट ओढते. कमी करंट म्हणजे तिच्यावर भारच नाही, तिच्यापर्यंत पेट्रोलच पोचत नाही. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, हवा आत ओढल्याचा 'फस्स' आला नाही आणि प्रेशरही सुधारलं नाही. म्हणजे टाकीचा श्वास कोंडला होता, असंही नाही.

बॅटरीची मायनस वायर काढली, लाइनमधलं प्रेशर सोडलं, सीट उचलली आणि पंप बाहेर घेतला. (हे काम उघड्यावरच करतो मी, आणि जवळपास कुणाच्या हातात पेटती वस्तू नाही हे आधी पाहतो. पेट्रोलच्या वाफा जड असतात, जमिनीलगत सरपटत जातात.) पाच आठवड्यांपूर्वी पांढरीशुभ्र लावलेली जाळी विटकरी झाली होती. कात्रीनं कापून कागदावर झटकली तर पिठासारखी तपकिरी पूड पडली. चुंबकाला कागदात गुंडाळून त्यावरून फिरवलं, बरीचशी पूड उभी राहून चिकटली. गंज.

आता मला आधीचे तीन मेलेले पंप हवे होते. नशिबानं मेकॅनिककडे भंगाराच्या खोक्यात तिन्ही पडलेले होते. "काय करणार त्यांचं?" तो म्हणाला. "पोस्टमॉर्टेम," मी म्हटलं. तो हसला, पण हॅक्सॉ घेऊन स्वतःच बसला.

एवढ्या भानगडीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या अर्ध्या तासानं. पहिल्या पंपाचे कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खोल चरे, पण पेट्रोल ढकलणारं चक्र गुळगुळीत. हा म्हातारपणानं गेला. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे कार्बन मात्र लांबसडक, जवळजवळ नवे. त्यांची चक्रं हातानं फिरेनात. चक्र आणि त्याच्या घराच्या मधली फट केसापेक्षाही बारीक असते आणि तीत तपकिरी चिखल घट्ट बसला होता. तिसऱ्याच्या चक्रावर तर गोल गोल ओरखडे, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. जाळी मोठे कण अडवते, पण ही बारीक पूड तिच्यातून आरपार जाते. ज्या लॉटला आम्ही शिव्या दिल्या, त्या बिचाऱ्याचा काही संबंधच नव्हता. माझ्या अर्थिंगच्या शोधानंही पंप मरायचे थांबले नसते. दोष खरा होता, पण गुन्हेगार दुसराच होता.

गंज आला म्हणजे पाणी आलं. टाकीच्या तळातून लिटरभर पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी दोन बोटं वेगळा थर, मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं. दहा टक्के इथेनॉल असेल तर नेहमीच्या तापमानाला ही मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याची. म्हणजे ४० लिटरच्या भरलेल्या टाकीत फक्त पेलाभर पाणी. त्याच्या वर गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन तळाला बसतात, आणि जाळी असते तळालाच.

पेलाभर पाणी येतं कुठून? टाकीतल्या हवेतला ओलावा थंड पत्र्यावर साचतो, हे मी ऐकलं होतं. पण रिकामी टाकी ठेवून वर्षानुवर्षं साचावं असं ते प्रकरण, तीन दिवसांच्या पावसात व्हावं असं नाही. मी पेट्रोल भरायची जागा उघडली. झाकणाभोवती जी वाटी असते तिच्या तळाला पाणी निघून जायला एक बारीक नळी असते. ती मातीनं गच्च बुजलेली. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं. वाटलं, सापडलं.

तरी मेकॅनिक म्हणाला, "चाक काढूया." चाक काढलं, मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक उघडलं आणि ओंजळभर ओला चिखल आणि कुजलेली पानं भसकन खाली आली. त्यांच्यामागे पेट्रोल भरायचा पाइप होता, ज्याच्यातून पेट्रोल टाकीत उतरतं. वरून तो काळा दिसत होता. मेकॅनिकनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते कागदात जावं तसं आत गेलं. त्या भोकाभोवती अजून चार-पाच बारीक भोकं. ओला चिखल वर्षानुवर्षं पाइपाला मिठी मारून बसला होता आणि त्यानं पत्रा खाल्ला होता. पावसात चाकानं उडवलेलं पाणी थेट टाकीत जात होतं. टाकी फुल्ल केली की तिथूनच पेट्रोल झिरपायचं. तो वास, जो मी 'सांडलं असेल' म्हणून सोडून दिला होता.

आम्ही दोघं काही वेळ त्या पाइपाकडे बघत उभे राहिलो.

पुढचं काम मेहनतीचं, पण त्यात डोकं लागलं नाही. कुणीतरी पाइपाला वेल्डिंग मारून घ्या म्हणालं. पेट्रोलची वाफ भरलेल्या वस्तूला ज्योत लावायचा सल्ला देणाऱ्यांपासून मी लांब राहतो. पाइप नवीन टाकला. टाकी उतरवली तर वरच्या अर्ध्या भागात आतून गंजाचे पोपडे. आतून कोटिंग करून घेता येतं, पण नीट साफ न करता मारलेलं कोटिंग सुटून पुन्हा जाळीवरच येतं, म्हणून टाकीही बदलली. पेट्रोलच्या नळ्या हवा मारून साफ केल्या, फिल्टर आणि जाळी पुन्हा नवी, वाटीची नळी मोकळी, झाकणाचं रबर नवं. चौथ्या पंपाला मात्र एक संधी दिली. अर्ध्या मिनिटात त्यानं पाऊण लिटरच्या वर पेट्रोल कॅनमध्ये ओतलं, आवाजही स्वच्छ. तोच परत बसवला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. गेज लावला की काटा तीनवर, तासभर चालवल्यानंतरही. दोन्ही पावसाळ्यांत तळातलं पेट्रोल बरणीत काढून रात्रभर ठेवून पाहिलं. बरणी तळापर्यंत एकरंगी.

एकच कुरकुर उरली आहे. पंप शेवटचा बसवताना पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी बहुतेक माझ्याच हातून वाकली. टाकी अर्धी असताना काटा पाव दाखवतो. दांडी सरळ करायची तर सीट उचलून पंप पुन्हा बाहेर काढावा लागेल. मेकॅनिकनं दोनदा विचारलं. मी काट्याशेजारी पेन्सिलीनं एक रेघ मारून ठेवली आहे.