आमची वाटचाल : हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांचे पत्राकाम

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे वडिलांनी येथे पत्राकामाचे दुकान टाकले, तेव्हा ट्रकचे मडगार्ड आणि शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पंपांवरील एअर-कूल्ड डिझेल इंजिनांचे काउल, म्हणजे इंजिनाभोवती हवा वळवणारे पत्र्याचे आवरण, हेच रोजचे काम होते. अशा इंजिनाचा पत्रा शोभेसाठी नसतो, हे आम्ही त्या पंपांवरच शिकलो. काउल फुटका ठेवून मे महिन्याच्या उन्हात विहिरीवर इंजिन चालवले, तर ते सीझ होते, म्हणजे तापून जाम होते, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे नाशिकच्या एका हौशी मालकांनी आपली जुनी फोक्सवॅगन व्हॅन आमच्याकडे आणली. 1950 साली जर्मनीत बनू लागलेल्या या व्हॅनचे इंजिन मागे असते आणि त्याला रेडिएटर नसतो. जनरेटरच्या शाफ्टवर बसवलेला पंखा बेल्टवर फिरून सिलिंडरवर हवा ढकलतो. ती हवा फिनांमधूनच, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांमधूनच, जावी आणि तापून खाली उतरल्यावर पुन्हा पंख्याकडे वर येऊ नये, एवढ्यासाठी इंजिनाभोवती चहूबाजूंनी पत्रे असतात. ही व्हॅन धुळ्याजवळच्या लळिंग घाटात तापत होती, कारण आधी कोणीतरी इंजिन खोलताना सिलिंडरखालचे छोटे पत्रे बिनकामाचे समजून काढून टाकले होते.

वास्तविक हेच पत्रे सर्वांत महत्त्वाचे आहेत. ते नसतील, तर हवा सिलिंडरच्या वरच्या अंगाला लागून सरळ खाली निघून जाते आणि खालची बाजू तापलेलीच राहते. शिवाय ते मागाहून बसवता येत नाहीत. सिलिंडर चढवल्यानंतर, पण पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या आणि हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, बसवण्यापूर्वी, हेडच्या स्टडांमध्ये (हेड आवळणाऱ्या लांब बोल्टांमध्ये) ते दाबून अडकवावे लागतात. आम्ही प्रत्येक पत्रा हाताने किंचित वाकवून त्याला ताण देतो आणि बोटाने हलवून पाहतो. तो खुळखुळला, तर काढून पुन्हा वाकवतो. त्याच वेळी हेडच्या फिनांमध्ये ओतकामाचा राहिलेला थर कानसून काढतो, कारण तिथे वाट बुजलेली असेल, तर वरचे सगळे काम वाया जाते.

इंजिन थंड असताना हवा अडवणाऱ्या पंख्याच्या घराखालच्या झडपा आणि इंजिन तापल्यावर त्या उघडणारा थर्मोस्टॅट ‘आपल्याकडे थंडी कुठे असते’ म्हणून काढून टाकण्याचा आग्रह अनेक जण धरतात. आम्ही तो मानत नाही. झडपा हवेला वळणही देतात, आणि ते वळण लागतेच, कारण 1971 पूर्वीच्या रचनेत ऑइल कूलर (तेल थंड करणारा भाग) पंख्याच्या घराच्या आतच उभा असल्याने त्याच्या आडोशाला असलेला तीन नंबरचा सिलिंडर मुळातच जास्त तापतो.

बाजारात मिळणाऱ्या क्रोमच्या चकचकीत पत्र्यांबद्दल आमचे मत चांगले नाही. ते बहुधा पातळ असतात, भोके जुळत नाहीत आणि कडांना फटी राहतात. मूळ पत्रा गंजलेला असला, तरी तोच ठोकून सरळ करावा, सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा आणि काळा रंग द्यावा, हीच आमची पद्धत आहे. शेवटी इंजिन-खणाच्या कडेची रबर पट्टी नवीन घालतो. तिच्याशिवाय गाडी आम्ही ताब्यात देत नाही.

आता पुणे-मुंबईहूनही इंजिने येतात. पाठवणाऱ्यांना आमची एकच विनंती असते, की जुने पत्रे कितीही कुजलेले असले, तरी भंगारात न देता सोबत पाठवावेत. भोकांची जागा आणि कडेचे वळण आम्हाला त्यांवरूनच उतरवून घेता येते.