यिर्मयाचं शेत आणि आमचं "नोकरी लागल्यावर"

खूप दिवसांनी लिहितेय. मधे कितीदा तरी ब्लॉग उघडला आणि तसाच बंद केला, कारण लिहायचं तर खरं लिहावं लागणार आणि त्याची माझी तयारीच होत नव्हती. तर खरं हे आहे की ह्यांची नोकरी जाऊन आता सोळा महिने झालेत. कंपनीने एका दिवसात बऱ्याच जणांना काढलं, त्यात हे पण होते. अजून दुसरी लागलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी चमत्काराची साक्ष येईल म्हणून कोणी वाट बघत वाचू नका.

सुरुवातीचे दोन-तीन महिने आम्ही एकदम भक्कम होतो. रोज सकाळी दोघं गुडघ्यावर, रात्री परत प्रार्थना. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हे वचन मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, तेच ते, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत म्हणून देव सांगतो ते. आणि त्याच्या खाली मी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं, डिसेंबर. देवाने काही डिसेंबर सांगितला नव्हता, मीच टाकला. डिसेंबर गेला, तो खोडून मार्च केला, मार्चचा जून केला, आणि खोडून खोडून तिथला कागद इतका विरला की एक दिवस खोडरबर फिरवताना भोकच पडलं. वचन जसंच्या तसं आणि तारखेच्या जागी भोक. त्या दिवशी मी कपाटाचं दार धरून खूप रडले, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे मला प्रार्थनाच करता आली नाही, नुसतं डोळे मिटून बसायचे.

त्यातच आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या घरात कुठेतरी विश्वास कमी पडतोय, नाहीतर एवढा वेळ लागला नसता. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं. पण ते वाक्य माझ्या आत रुतून बसलं, रात्री झोपेतून जाग आली की पहिलं तेच आठवायचं.

मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून बायबल उघडलं आणि यिर्मयाचा २९ वा अध्याय पहिल्या वचनापासून वाचायला घेतला. इतकी वर्षं मी फक्त अकरावं वचन पाठ केलं होतं, त्याच्या अलीकडे पलीकडे काय आहे ते कधी नीट बघितलंच नाही. ते एक पत्र आहे. यरुशलेमहून बंदिवान करून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं. आणि अकराव्याच्या बरोब्बर आधी, दहाव्या वचनात देव त्यांना सांगतोय की बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांत जो चाळिशीतला माणूस होता तो बाबेलमधेच मरणार होता, आणि त्याला पण देव म्हणतोय की माझे संकल्प हिताचे आहेत. मी ते तीन-चारदा वाचलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो लोकांना सांगतोय की दोनच वर्षं, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. कोणाला आवडणार नाही असा मेसेज! मला तर आवडलाच असता, मी स्वतःच कपाटाच्या दारावर हनन्या होऊन बसले होते. यिर्मया पण त्याला आधी आमेन म्हणतो, परमेश्वर तसंच करो म्हणतो, म्हणजे त्यालाही मनातून तेच हवं होतं, पण देव तसं बोललेला नव्हता आणि हनन्या देवाच्या नावावर ते खपवत होता.

आणि त्या सत्तर वर्षांत काय करायचं, तर घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा, लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. सामान बांधून दारात बसून राहा असं देव त्यांना सांगत नाही.

हे वाचून मला आमचं घर दिसलं. आमच्या घरात सोळा महिने एकच वाक्य चालू आहे, "नोकरी लागल्यावर". मुलीला चर्चच्या क्वायरसाठी गिटार शिकायची, नोकरी लागल्यावर. शुक्रवारची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, आधी आमच्याकडे व्हायची, ती आम्हीच बंद केली, कारण सगळे येणार आणि विचारणार काय झालं, मग परत सुरू करू, नोकरी लागल्यावर. कोणाला घरी बोलवायचं नाही, कोणाकडे जायचं नाही. आम्ही त्याला देवाची वाट बघणं म्हणत होतो. मला आता वाटतं ती वाट बघणं नव्हतंच, आम्ही जगणंच थांबवून ठेवलं होतं.

तसंच पुढे वाचत वाचत ३२ व्या अध्यायावर आले आणि तिथे तर मी अडकलेच, अजूनही अडकलेली आहे. यहूदाचा राजा सिद्कीया याचं दहावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५८७ च्या आसपास. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, सोडवण्याचा हक्क तुझाच आहे, म्हणजे जमीन घराण्यातच राहावी म्हणून जवळच्या नातलगाला असलेला विकत घेण्याचा हक्क. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, आणि त्याच गावातली माणसं आधी त्याच्या जिवावर उठली होती. आता देशच जाणार हे यिर्मयाला सगळ्यांपेक्षा जास्त माहितीय, तो स्वतःच चाळीसेक वर्षं तेच सांगत आलाय. आणि तो ते शेत घेतो! १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या, शिक्का, सगळं रीतसर. मग आपला लेखनिक बारूख याला सांगतो, ही खतं मातीच्या भांड्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. कारण देव म्हणालाय की या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे परत विकत घेतले जातील.

पण मला सगळ्यात जास्त धीर आला तो त्याच्या पुढच्या प्रार्थनेने. खत बारूखच्या हातात देऊन झाल्यावर यिर्मया देवापुढे बोलायला लागतो, सुरुवात अगदी विश्वासाची, तुला अवघड असं काहीच नाही, आणि बोलत बोलत शेवटी तो जवळजवळ असं विचारतो की प्रभू, शहर तर शत्रूच्या हातात गेल्यातच जमा आहे आणि तू मला शेत घे म्हणतोस? म्हणजे त्याला पण कळत नव्हतं! आज्ञा पाळून झाली, पैसे देऊन झाले, आणि मग प्रश्न. देव त्याच्यावर रागावत नाही, तुझा विश्वास कमी पडतोय म्हणत नाही. त्याचेच शब्द घेऊन त्यालाच उलट विचारतो, मला अवघड असं काही आहे का? माझ्या मनात ते जे वाक्य रुतलं होतं ना, ते त्या रात्री थोडं सैल झालं.

त्यानंतर मी अजून एक काम केलं, एका वहीत देवाने आम्हाला खरंच काय वचन दिलंय आणि आम्ही त्याच्या तोंडी काय घातलंय ते वेगळं वेगळं लिहून काढलं. देवाने आम्हाला नोकरीची तारीख दिलेली नाही. त्याने दिलंय ते नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं १३:५, मी तुला सोडणार नाही व टाकणार नाही, आणि ते वचन पैशाबद्दलच्या बोलण्यातच आलेलं आहे, जवळ आहे तेवढ्यात समाधानी राहा, कारण तो म्हणालाय मी टाकणार नाही. हे मला कोणी कधी असं जोडून दाखवलं नव्हतं. प्रेषित पौलाने तर तीनदा देवाला विनवण्या केल्या, ज्या त्रासाला तो शरीरातला काटा म्हणतो तो निघावा म्हणून, काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच मिळालं. पूर्वी मला हे उत्तर म्हणजे नकार वाटायचा. आता या सोळा महिन्यांकडे मागे वळून बघते तर एक दिवस असा दाखवता येत नाही की त्या दिवशी कृपा संपली होती. पैसे संपले होते असे दिवस मात्र बरेच आहेत.

यिर्मयाला ते शेत कधी कसायला मिळालं असं बायबलमधे कुठेच नाही. शहर पडलं, उरलेल्या लोकांनी त्याला जबरदस्तीने मिसरात, म्हणजे इजिप्तमधे, नेलं, आणि तो आपल्याला शेवटचा दिसतो तो तिथेच. मग मातीच्या भांड्याचं काय झालं? मला त्याचं इतकं वाईट वाटत होतं. पण बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात, पारसाच्या कोरेश राजाने सोडल्यावर बाबेलहून परत आलेल्यांची लांबलचक यादी आहे, नावं आणि आकडे, मी दर वेळी ती पानं नुसती उलटून पुढे जायचे. या वेळी एकेक ओळ वाचली. तेविसावं वचन, अनाथोथचे लोक, १२८.

एकशे अठ्ठावीस माणसं, त्याच गावात परत! मी ह्यांना झोपेतून उठवून ते वाचून दाखवलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले परत एकदा वाच.

गेल्या शुक्रवारपासून मीटिंग परत आमच्याकडे सुरू केलीय. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारलंच, काय झालं, आणि ह्यांनी सरळ सांगितलं, अजून नाही, प्रार्थना करा. मुलीची गिटार मंडळीतल्याच एका मुलाकडे सुरू झालीय, बोटं दुखतात म्हणते. कपाटावरचा तो भोक पडलेला कागद मी काढला नाही, तसाच ठेवलाय.

उद्या अकरा वाजता ह्यांचा अजून एक ऑनलाईन इंटरव्ह्यू आहे, कितवा ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय. आत्ता मी हे लिहितेय आणि ते आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करतायत, दर वेळी आदल्या रात्री करतात तशी, आधी कॉलर, मग बाह्या, आणि हळू आवाजात प्रार्थना चालू आहे.