बक्कलवाली चप्पल

घरभेटीला गेलं की आम्हा चर्चच्या पाळकांची खुर्ची ठरलेली असते. पंख्याखालची, आणि बहुधा तिच्यावरचे कपडे नुकतेच घाईनं आत नेलेले असतात. "सलाम, पाळकसाहेब" होतं, पाण्याचा तांब्या येतो, चहा येतो. साखर बंद केलीय म्हणालं तर बिनसाखरेचा येतो, पण सोबत खारी आणि वर पेढा असतोच. मग पाऊस, कांद्याचा भाव, चाकणच्या कंपनीत लागलेला मुलगा. सगळं क्षेमकुशल असतं. मग बायबलमधला शास्त्रपाठ. नगरकडच्या आमच्या मंडळीत तेविसावं किंवा एकशे एकविसावं स्तोत्र कुठल्याही घराला लागू पडतं. आजी डोक्यावर पदर घेते, टीव्हीचा आवाज बंद होतो (चित्र चालूच असतं), प्रार्थना, आमेन.

खरी भेट यानंतर, दारात, चपला घालताना.

"साहेब, एक बोलायचं होतं."

मुलगी माहेरी आलीय ती सणाला आलेली नाही, हे दारात कळतं. सोनं सोसायटीत गहाण पडलंय, हे दारात कळतं. एक निवृत्त कंडक्टर तासभर माझ्याशी एसटीच्या जुन्या गाड्यांबद्दल बोलत बसले होते. निघताना अंगणातल्या नळाची चावी उगाच उघडबंद करत, नळाकडेच बघत म्हणाले, "ही काल धाकट्याचा फोटो बघून म्हणाली, हा कोणाचा पोरगा? पोरांना अजून सांगितलं नाही." मी वाकून पट्टा लावत होतो. मान वर केली नाही, आणि ते पुढे बोलत राहिले.

सेमिनरीत आम्हाला समुपदेशन शिकवलं, ते समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून, मधे टेबल न ठेवता. चुकीचं नाही म्हणत. पण आपल्याकडे माणूस डोळ्यांत बघून क्षेमकुशल सांगतो. दुखणं सांगायला त्याला ऐकणारा जरा दुसरीकडे बघणारा लागतो. म्हणून मी अंगठ्याच्या चपला सोडून दोन बक्कलांच्या घेतल्या. पाळकीणबाई म्हणतात, वय झालं तसा तुम्हाला पट्टा लावायला फार वेळ लागतो. लागू दे.

त्यांना स्वतःला चपलांची गरज पडत नाही. त्या थेट स्वयंपाकघरात जातात. 1831 साली अमेरिकन मराठी मिशननं नगरात काम सुरू केलं. पुढे मिशनच्या बायबलबाया घरोघर फिरायच्या त्या यासाठीच, की ओसरीच्या पलीकडे मिशनरी साहेबाला प्रवेश नव्हता. आजही निम्मी मंडळी ओसरीच्या पलीकडेच बोलते. पाळकीणबाईंना काय काय ठाऊक आहे याचा मला अंदाज आहे, पण त्या मला सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. आमच्या मंडळीत निम्मे लोक एकमेकांचे व्याही आणि उरलेले मामेभाऊ. इथे ऐकणं सोपं, पोटात ठेवणं अवघड. त्यात प्रार्थनाविनंती नावाची सोय आहे. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा, कारण सांगता येत नाही," एवढं कोणी म्हणालं की रविवारी उपासना सुटायच्या आत कारण गेटपर्यंत पोचलेलं असतं.

दारातल्या गोष्टीची पंचाईत अशी, की प्रार्थना आधीच होऊन गेलेली असते, आणि तीही पावसापाण्याची. पुन्हा आत बोलावणं यजमानाला नको असतं. काही वेळा मी तिथेच उभ्यानं दोन वाक्यं म्हणतो. बहुतेकदा "उद्या येतो" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी खरंच जातो. कंडक्टरकाकांकडे गेलो तेव्हा ते एकटेच पोह्यांचे कांदे चिरत होते. काकूंनी मला ओळखलं नाही, पण ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं तर पुढची सगळी कडवी त्यांनीच म्हटली. धाकट्याला फोन लावायचं त्या दिवशी ठरलं.

सावेडीकडच्या नव्या इमारतींमध्ये मात्र माझी अडचण होते. चपला दाराबाहेरच्या रॅकमध्ये, आणि बटण दाबताच लिफ्ट हजर. "एक बोलायचं..." म्हणेपर्यंत दार बंद. मी आता जिन्यानं उतरतो. तिसऱ्या मजल्यावरून निघालं की घरमालक सोडायला म्हणून सोबत येतात आणि पहिल्या मजल्याच्या आसपास विषयाला हात घालतात.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, घरप्रार्थना लागायच्या आधी कमिटीची बैठक झाली. एका संध्याकाळी चार घरं व्हायला हवीत, साहेब एकाच घरी अडकतात, अशी तक्रार होती. घरटी वीस मिनिटं असा ठराव आला. मी पाठिंबा दिला, फक्त चपला घालायचा वेळ त्यात धरू नये अशी दुरुस्ती सुचवली. सेक्रेटरींनी ती गंभीरपणे लिहून घेतली. खजिनदारांनी विचारलं, "आणि जिना?"

जिनाही वगळला.