बाबांच्या पँटीतून वरण

श्रीखंडाचा रिकामा डबा टाकून देणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. परवा दुपारी ओट्याखालचा कप्पा आवरायला घेतला, तर डबेच डबे घरंगळत बाहेर आले. अर्ध्यांना झाकणं नाहीत, आणि जी झाकणं आहेत ती भलत्याच डब्यांची. त्यामागे पिशव्यांची पिशवी. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा ही एकदाची रिकामी होईल असं वाटलं होतं. उलट 'आता मिळायच्या नाहीत' म्हणून आतला ऐवज जास्तच जपला गेला.

याला लोक चिकटपणा म्हणतात. मला नाही पटत. आमच्या घरातून वस्तू भराभर बाहेर जायच्या. फक्त जाताना बदल्यात काहीतरी ठेवून जायच्या. रद्दीचे पैसे यायचे, फुटक्या बादलीवर मूठभर लसूण मिळायचा आणि कपड्यांवर भांडी.

बोहारीण यायची ती बरोबर दुपारी, पुरुषमंडळी घरात नसताना. डोक्यावरची टोपली उंबऱ्याबाहेर उतरवली की आई आतून गाठोडं आणायची. मग एकेक पँट उजेडासमोर धरली जायची. बसायच्या जागी कापड विरलेलं दिसलं की पँट बाजूला. साडीची जर अंगठ्याने चोळून बघायची आणि तोंड वाकडं करायचं, हे ठरलेलं. आईने पातेल्याला हात लावला की ती वाटी पुढे करायची.

"एवढ्या कपड्यांवर वाटी? ने बाई तुझी टोपली."

"भाभी, अजून एक शर्ट टाका, मग बघू."

टोपली डोक्यावर चढायची, जिन्याच्या वळणापर्यंत जायची आणि परत यायची. शेवटी सौदा व्हायचा तो आतून आणखी एक शर्ट आल्यावरच. तो बहुधा बाबांचा असायचा आणि बहुधा चांगला असायचा. एकदा त्यांची टेरिकॉटची पँट अशीच गेली आणि तिचं वगराळं झालं. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे "बाबांच्या पँटीतून थोडं वरण वाढ" असं म्हणत. बाबाही हसायचे, पण पुण्याच्या जुन्या बाजारात गेले की धुऊन इस्त्री करून मांडलेल्या पँटींकडे जरा जास्तच निरखून बघायचे.

आता सकाळी घंटागाडी येते. ओला वेगळा, सुका वेगळा दिला की काही न विचारता घेऊन जाते. घासाघीस नाही, नाक मुरडणं नाही. इतक्या मुकाट्याने कुणी आपली वस्तू नेली की मला उगाच ती चांगली होती असं वाटू लागतं! मुलगी म्हणते, फोटो काढून ऑनलाइन टाक. बिनझाकणाच्या डब्याचा फोटो कुठल्या बाजूने काढायचा?

आजीचं आवरणं वेगळंच. तिन्हीसांजेनंतर केर काढायचा नाही, केरसुणीला पाय लावायचा नाही. लक्ष्मीपूजनाला त्याच केरसुणीला हळदकुंकू. पण त्याआधी सगळं घर उलथंपालथं करून ती अडगळ बाहेर काढायची. तुटका पाट, दांडा गेलेली छत्री, कशाचीही गय नाही.

त्या सगळ्यातून एक जर्मनचा पेला मात्र दर वर्षी वाचायचा. मोरीवरच्या फळीवर पालथा घातलेला, पोचे आलेला. बोहारणीला पाणी द्यायचा. तो आमच्या पेल्यांत मिसळायचा नाही, हे आम्हा मुलांनाही न सांगता ठाऊक होतं. तिच्या टोपलीतलं पातेलं मात्र त्याच संध्याकाळी धुऊन गॅसवर चढायचं आणि त्यातली आमटी आम्ही सगळे ओरपायचो.