पहिला मोठा बर्फ आणि त्याच्या खालचा जुना बर्फ

झुरिकमध्ये नोव्हेंबरात बर्फ पडला की आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपला एकदम जोर चढतो. बाल्कनीचे फोटो, चहाचे कप, आणि मग कोणीतरी लिहितंच की चला रे, स्की टूरिंगला (लिफ्टशिवाय, स्कीवरच डोंगर चढून उतरायला) जाऊ, लिफ्ट सुरू व्हायच्या आत सगळा डोंगर आपलाच. २०२४ च्या २१ नोव्हेंबरला तर लुझर्नसारख्या खालच्या गावात ४० सेंटीमीटरच्या वर बर्फ पडला, बस ठप्प, आणि ग्रुपवर नुसता जल्लोष. त्यात एक वाक्य दरवर्षी ठरलेलं: "सीझन आत्ता कुठे सुरू झालाय, बर्फ आहेच किती, अव्हलांच (हिमस्खलन) यायला जानेवारी उजाडतो." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

कारण गोष्ट जवळजवळ उलटी आहे. ऑक्टोबरमध्ये वर, म्हणजे २२००-२५०० मीटरच्या पुढे, एकदा-दोनदा थोडा बर्फ पडून जातो. दक्षिणेकडच्या उतारांवरचा उन्हाने वितळतो, उत्तरेकडे सावलीत मात्र तो तसाच पडून राहतो, वीत-दीड वीत जाडीचा. आता खाली जमीन शून्याच्या आसपास, वर निरभ्र रात्रीची हवा उणे दहा-पंधरा, आणि मधे जेमतेम ३० सेंटीमीटर बर्फ. एवढ्याशा जाडीत तापमानाचा एवढा फरक असला की खालची वाफ सारखी वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरायचं सोडून मोठे, कोनेदार, सुटे होत जातात, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. ताटात कोरडा साबुदाणा पसरा, वर एक ताटली ठेवा आणि ताट तिरकं करा. साबुदाणा म्हणजे तो जुना सुटा बर्फ, आणि ताटली म्हणजे नोव्हेंबरातला मोठा बर्फ, वाऱ्याने दाबून एकसंध झालेला.

म्हणजे बर्फ कमी असणं हेच इथलं दुखणं. आणि बर्फ थांबला, ऊन पडलं, आकाश निळंशार झालं की धोका टळला असंही नाही. नुसत्या ताज्या बर्फाचा धोका दोन-तीन दिवसांत उतरतो, पण हा खालचा सुटा थर कधीकधी आठवडेच्या आठवडे तसाच बसून असतो आणि वरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. पाय टाकल्यावर खालून 'व्हुम्प' असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून तडा पळत गेला तर तिथूनच मागे फिरायचं, चर्चा नंतर. तुम्ही सपाटीवर उभे असलात तरी डोक्यावरचा उतार त्या धक्क्याने सुटू शकतो, अव्हलांचच्या कोर्समध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थापच वाटली होती.

लिफ्ट बंद म्हणून डोंगर आपला, हा हिशोब तर भलताच फसवा आहे. सीझनमध्ये रिसॉर्टची माणसं पहाटे उठून स्फोट करून उतार मोकळे करतात, शंका असली तर पिस्ट (स्कीसाठी आखलेली वाट) बंद ठेवतात. जे रिसॉर्ट अजून उघडलंच नाही तिथे हे कोण करणार? नकाशावर पिस्ट दिसत असली तरी तेव्हा तो उघडा डोंगरच. शिवाय दगड, खड्डे, ओढे अजून बुजलेले नसतात, त्यामुळे छोटीशी घसरणसुद्धा दगडांवरून फरफटत नेते किंवा ओढ्याच्या खोलगटात नेऊन गाडते.

दाव्होसची एसएलएफ ही बर्फ आणि अव्हलांचचा अभ्यास करणारी संस्था संध्याकाळी ५ ला धोक्याचं बुलेटिन काढते, भर हिवाळ्यात सकाळी ८ ला परत एक. इंग्रजीतही असतं, त्यामुळे जर्मन येत नाही ही सबब चालणार नाही. पण लोक फक्त धोक्याचा एक ते पाचमधला आकडा बघतात. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास, काळजी नको, असं काहीतरी आपलं डोकं चालतं बहुतेक. हिवाळ्यातल्या साधारण ३० टक्के दिवसांना तीनचा आकडा असतो आणि जवळपास निम्मे मृत्यू त्याच दिवसांतले. चार-पाचला लोक घाबरून घरी बसतात ना. आणि ज्या अव्हलांचमध्ये माणूस अडकतो त्यांतले दहातले नऊ तरी त्याच्यामुळे किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कोणामुळे सुटलेले असतात, देवाची करणी वगैरे काही नाही. म्हणून आकड्याच्या खालचं वाचा: कुठल्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, आणि कारण काय. कारणात जुना बर्फ लिहिलेला असेल तर मी ३० अंशांच्या वरच्या उतारावर जात नाही आणि तसल्या उताराच्या खालूनही जात नाही. स्विसटोपोच्या (स्विस सरकारी नकाशा विभागाच्या) नकाशावर ३० च्या पुढचे उतार पिवळे, नारंगी, लाल, जांभळे रंगवलेले दिसतात, फुकट आहे, मोबाईलवर चालतं.

गवताळ उतारांचं वेगळंच. तिथे जमीन गरम आणि ओली, त्यामुळे अख्खा थर गवतावरून घसरतो, रात्री, दुपारी, कधीही. वर मोठी भेग दिसली की खाली डबा खायला बसू नका, एवढंच.

पुण्यातला मावसभाऊ हे वाचून म्हणेल, तुमचं स्वित्झर्लंड तुम्हाला लखलाभ. पण गुलमर्गला हल्ली आपली बरीच पोरं स्की शिकायला जातात, आणि तिथला गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर थेट ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. स्की पॅट्रोलने (तिथल्या सुरक्षा पथकाने) तपासलेला भाग सोडून बाजूला गेलात की पुढचं तुमचं तुम्ही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्याच हापतखुडला दोन पोलिश स्कीअर अव्हलांचमध्ये मरण पावले. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा, टीव्हीवर उघड्या माळाची दृश्यं, मग फेब्रुवारीत धो धो बर्फ, आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर गेला. त्याच खिलनमर्गला फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले होते, म्हणजे डोंगरात राहणं हे ज्यांचं कामच ते.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. बीकन (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, प्रत्येकाकडे. चौघांत एक बीकन म्हणजे शून्य बीकन. कंपनी कुठलीही असो, सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे जुळत नाही वगैरे सांगू नका. रेगाला (स्विस हवाई बचाव सेवेला) १४१४ वर फोन जरूर करा, पण २०२४ मध्ये आलेल्या स्विस अभ्यासाप्रमाणे पहिली १० मिनिटं गेली की जिवंत सापडायची शक्यता झपाट्याने घसरते, आणि तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर क्वचितच पोचतं, खणायला असतो तो शेजारचाच मित्र. माझ्याकडे एक जास्तीचा सेट आहे, झुरिकच्या आसपास कोणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा, फक्त आधी माझ्यासोबत मैदानात पुरलेला बीकन शोधून दाखवावा लागेल.