आजोबांची बारा बोअर आणि माझी पन्नास काडतुसं

आजोबांची दुनळी बंदूक (नळीचं माप बारा बोअर) वारसाने माझ्या नावावर व्हायला अकरा महिने लागले. पोलीस पडताळणी, भावंडांची संमतीपत्रं, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या... ते पुराण नको. खरी फजिती काडतुसं घेताना झाली.

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी आजोबा इथे तितर, ससे मारायचे. त्यांचे सोबती आप्पा अजून आहेत. कुठलं काडतूस घेऊ विचारलं, तर म्हणाले, "लावाले आठ नंबर, तीतरले सहा, सस्साले चार. मोठा छर्रा मारशी तं खावाले काय ऱ्हाई?"

नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक, हे मला तेव्हा कळलं. जुन्या इंग्रजी मापाने औंसभर शिशात सहा नंबरचे साधारण २७० छर्रे, आठचे ४५०. उडत्या लाव्याभोवती दाट जाळं पडायला हवं. ससा चिवट, त्याला थोडे पण जड.

एवढं ज्ञान घेऊन जळगावच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नंबर विचारलाच नाही. बंदूक बिजागरीतून उघडून नळीच्या बुडाचे शिक्के भिंगाने पाहिले. "चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, अडीच इंची आहे, ६५ मिलिमीटर. सत्तरचं घालू नका."

"पण बसतंय की!" मी घालून पाहिलं होतं.

"बसणारच. तोंड दुमडलेलं आहे ना. सत्तर हे उडाल्यावरचं माप. बार झाला की ते तोंड उघडतं, पुढे जागा नसते, आणि दाब वाढतो. जुन्या नळीला कशाला त्रास?"

वरणगावचा दारूगोळा कारखाना आमच्याच जिल्ह्यात, पण तिथे लष्कराच्या गोळ्या होतात. ६५ची काडतुसं मागवावी लागली, तीन आठवडे गेले. घेतली आठ नंबरचीच, पन्नास. परवान्यावर नोंद झाली. तितर-ससे मारणं आता गुन्हा, मला नेमबाजीच्या रेंजवर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या होत्या.

आजोबांच्या डब्यातली कागदी काडतुसं मात्र ओलीने फुगलेली, पितळी बुडं हिरवी पडलेली. ती अर्ज लिहून पोलीस ठाण्यात जमा केली. डबा ठेवला.

पहिल्या दिवशी पंचवीसपैकी तीन तबकड्या फुटल्या. आप्पांना सांगितलं.

"मंग आते त्या भाजीसन खाशी का?"