आमची वाटचाल : अंबडच्या गाळ्यातून समुद्राची राखण

आम्ही समुद्रावर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर बनवतो म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "नाशकात समुद्र कुठंय?" नाहीच्चे. अंबड एमआयडीसीत छोटा गाळा आहे, सुरुवात सीसीटीव्ही बसवण्यापासून, मग एका कारखान्यात कॅमेऱ्याने पार्ट मोजायचं काम आलं, तिथे एआय शिकलो आणि त्याच ओळखीतून रायगडच्या एका खाजगी जेट्टीचं काम मिळालं.

ट्रायल गंगापूर धरणावर घेतली, एकदम मस्त, शांत पाणी ना! जेट्टीवर मात्र पहिल्याच दिवशी फेसाळलेली प्रत्येक लाट म्हणजे बोट, पक्षी म्हणजे पण बोट, आणि खाऱ्या हवेने काच पांढरी.

मोठ्या जहाजांचं सोपं असतं, 300 ग्रॉस टन आणि त्यावरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना एआयएस नावाचं रेडिओ यंत्र सक्तीचं आहे, ते जहाजाचं नाव, जागा, वेग सांगत राहतं. रडारवर दिसतंय पण एआयएस गप्प, की शंका घ्यायची. पण छोट्या मासेमारी बोटीवर बऱ्याचदा ते नसतंच, आणि 2008 चे अतिरेकी 'कुबेर' नावाच्या पळवलेल्या मासेमारी बोटीतूनच मुंबईजवळ आले होते, म्हणजे खरी गोची तिथेच.

आमची सगळ्यात मोठी चूक सांगतो, डेटा जमवला जून-जुलैत. तेव्हा मासेमारी बंद असते हे आम्हा घाटावरच्यांच्या डोक्यातच नाही! 1 ऑगस्टला बोटी निघाल्या आणि अलार्म असा सुटला की वॉचमनने स्पीकरची वायरच उपटून ठेवली.

शेवटी जेट्टीजवळच्या एका कोळी काकांना स्क्रीनसमोर बसवलं. एका बोटीवर आमचं मॉडेल हिरवं, म्हणजे मासेमारी चालू, सगळं ठीक, असं दाखवत होतं, काका म्हणाले, "ही जाळं ओढत नाय, ओढणारी बोट हळू पण सरळ जाते, ही नुसती वाहतेय." इंजिन बंद पडलेलं निघालं. तेव्हापासून आम्ही बोटीच्या आकारापेक्षा तिच्या चालीवर मॉडेल शिकवतो, वेग किती, वळली कुठे, थांबली किती वेळ. आधी सुचायला हवं होतं, असो.

आता काकांना क्लिप पाठवतो, ते व्हॉइस मेसेजवर सांगतात कुठली बोट काय करतेय, मागे कोंबडा आरवत असतो. पैसे घेत नाहीत, म्हणून सीझनला द्राक्षाची पेटी नेतो, येताना ते सुकट बांधून देतात आणि मग इगतपुरी येईस्तोवर गाडीच्या काचा खालीच.